ग्रासी नॅरोज पारा प्रदूषण

ग्रासी नॅरोज पारा प्रदूषण ही कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात, वाबिगून व इंग्लिश या नद्यांच्या खोऱ्यात घडलेली औद्योगिक विषबाधेची घटना होय. ड्रायडन या गावातील एका रसायन कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ मेट्रिक टन पारा वाबिगून नदीत सोडला. तो नदीतील माशांच्या शरीरात साठत गेला आणि मासे हेच मुख्य अन्न असलेल्या ग्रासी नॅरोज व वाबासीमूंग (जुने नाव व्हाइटडॉग) येथील ओजिब्वे आदिवासींच्या शरीरात पोहोचला. त्यातून उद्भवलेल्या मज्जासंस्थेच्या विकारास ‘ऑन्टारियो मिनामाता आजार’ असेही म्हणतात. ‘घटना’ हा शब्द येथे केवळ सोयीचा आहे. नदीत पारा सोडणे आठ वर्षांत थांबले. माशांतील पारा मात्र अर्ध्या शतकानंतरही सुरक्षित पातळीपर्यंत उतरलेला नाही.

नद्या आणि लोक

वाबिगून नदी ड्रायडनजवळच्या वाबिगून सरोवरातून निघते, क्ले सरोवरातून वाहत जाते आणि बॉल सरोवरापाशी इंग्लिश नदीस मिळते. इंग्लिश नदी पुढे पश्चिमेकडे वाहत मॅनिटोबा प्रांताच्या सीमेजवळ विनिपेग नदीला मिळते. ग्रासी नॅरोज ही वस्ती पहिल्या संगमाच्या खालच्या अंगास, ड्रायडनपासून नदीमार्गाने सुमारे १०० किलोमीटरवर आहे. वाबासीमूंग त्याहून खाली, विनिपेग नदीच्या संगमाजवळ आहे. कारखाना व वस्त्या यांच्यातील हे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांना विषबाधा झाली ते लोक कारखान्याच्या शेजारी राहत नव्हते, आणि कारखाना ज्या गावात होता त्या गावाचा रोजगार त्यावर अवलंबून होता.

येथील लोक अनिशिनाबे या व्यापक समूहातील ओजिब्वे होत. कॅनडातील आदिवासी समाजांच्या स्वशासित गटांना ‘फर्स्ट नेशन’ ही संज्ञा आहे. ग्रासी नॅरोज हा त्यांपैकी एक असून त्यांच्या भाषेत त्याचे नाव असुबपीशोसीवागाँग असे आहे. १८७३ मध्ये ब्रिटिश राजसत्तेबरोबर झालेल्या ‘तिसऱ्या करारा’ने (ट्रीटी थ्री) या लोकांनी जमिनीवरील ताबा सोडला, परंतु त्या प्रदेशात शिकार व मासेमारी करण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला. वॉलआय, पाईक व व्हाइटफिश हे मासे, मूस हरणाचे मांस, पाणथळीत आपोआप उगवणारा ‘मनोमिन’ हा जंगली तांदूळ आणि उन्हाळ्यातील ब्लूबेरी हा त्यांचा परंपरागत आहार. त्यांत मासा हा वर्षभर मिळणारा आणि सर्वांत स्वस्त.

प्रदूषणाचा शोध लागण्यापूर्वीच या समाजाची घडी विस्कटू लागली होती. १९५० च्या दशकात खालच्या बाजूस जलविद्युत प्रकल्प उभे राहिले व वाबासीमूंग परिसरातील जमीन पाण्याखाली गेली. १९६३ मध्ये ग्रासी नॅरोजची जुनी वस्ती, जेथे घरे बेटांवर व किनाऱ्यांवर कुटुंबाकुटुंबांनी विखुरलेली होती, ती सरकारी निर्णयाने रस्त्याजवळच्या नव्या जागी हलवण्यात आली. या स्थलांतराचा आणि पाऱ्याचा एकत्रित परिणाम अनास्तासिया श्कीलनिक यांनी ‘अ पॉयझन स्ट्राँगर दॅन लव्ह’ (१९८५) या ग्रंथात मांडला आहे. पाऱ्याचा हिशेब वेगळा काढणे पुढे इतके अवघड का ठरले, याचे एक कारण या पूर्वेतिहासात आहे.

कारखाना

ड्रायडन केमिकल्स लिमिटेड हा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला. तो ब्रिटिश मालकीच्या रीड पेपर या उद्योगाशी संलग्न होता आणि शेजारच्या कागद कारखान्याला लगदा पांढरा करण्यासाठी लागणारा क्लोरीन व कॉस्टिक सोडा पुरवणे हे त्याचे काम होते. ही दोन्ही रसायने मिठाच्या संपृक्त द्रावणातून विद्युतप्रवाह सोडून मिळवतात. त्या काळच्या पद्धतीत ऋण विद्युतअग्र म्हणून पाऱ्याचा वाहता थर वापरीत. मिठातील सोडियम पाऱ्यात मिसळून त्याचे पारदमिश्रण बनते. त्याची पाण्याशी क्रिया घडवली की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि पारा पुन्हा वापरण्यास मोकळा होतो. कागदावर पाहता या चक्रात पारा खर्च होत नाही. प्रत्यक्षात तो गाळाबरोबर, धुण्याच्या पाण्याबरोबर आणि वाफेच्या रूपाने सतत निसटतो. ड्रायडनमध्ये तो नदीत जात होता. प्रांतिक सरकारने १९७० मध्ये पारा नदीत सोडण्यास मनाई केली. तरी कारखान्यातील पाऱ्याचा वापर १९७५ पर्यंत चालू राहिला आणि तोवर काही पारा हवेतून बाहेर पडत राहिला.

पारा माशात कसा जातो

नदीत सोडलेला पारा असेंद्रिय होता. तो जड असल्याने तळाच्या गाळात बसेल व तेथेच निरुपद्रवी पडून राहील, अशी त्या काळी समजूत होती. ती चुकीची होती. प्राणवायू कमी असलेल्या गाळातील काही जीवाणू असेंद्रिय पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञ येन्सेन व येर्नेलोव्ह यांनी १९६९ मध्ये हे सूक्ष्मजीवांमुळे घडते असे दाखवून दिले, म्हणजे ड्रायडनचा कारखाना सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी.

मिथिल पारा सजीवांच्या शरीरात सहज शोषला जातो आणि सावकाश बाहेर पडतो. सूक्ष्म प्लवक, त्यांवर जगणारे कीटक, त्यांना खाणारे लहान मासे आणि लहान माशांना खाणारे मोठे मासे, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. यास जैवआवर्धन म्हणतात. पाण्यात जेमतेम मोजता येईल इतका असलेला मिथिल पारा शिकारी माशात लक्षावधीपट वाढलेला आढळू शकतो. वॉलआय व पाईक हे दोन्ही शिकारी मासे आहेत. ते दीर्घायुषी आहेत आणि खाण्यास सर्वाधिक पसंतीचे आहेत. व्हाइटफिश तळातील बारीक जीव खातो व त्यात पारा तुलनेने कमी असतो.

येथे एक व्यावहारिक बाब नोंदवणे आवश्यक आहे. कीटकनाशकांसारखी अनेक विषे माशाच्या चरबीत साठतात, म्हणून कातडी व चरबी काढून टाकल्यास ती काही अंशी कमी होतात. मिथिल पारा मांसातील प्रथिनांना चिकटतो. मासा धुतल्याने, उकळल्याने, तळल्याने किंवा भाजल्याने तो जात नाही. अशा माशाला रंग, वास वा चव यांचीही काही निराळी खूण नसते.

किती मासा चालेल, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल पाऱ्याची सह्य मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते. कॅनडात विक्रीच्या माशांसाठी दीर्घकाळ वापरली गेलेली मर्यादा दशलक्ष भागांत ०.५ भाग, म्हणजे दर ग्रॅममागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादेत नेमका बसणारा, म्हणजे बाजारात कायदेशीरपणे विकता येणारा मासादेखील त्या व्यक्तीस आठवड्यात सुमारे १९० ग्रॅमच खाता येईल. महिन्यातून दोनदा मासे खाणाऱ्या शहरी ग्राहकाच्या दृष्टीने ही मर्यादा पुरेशी असेल. दोन्ही वेळच्या जेवणात मासा असणाऱ्या घरासाठी ती मर्यादाच निरर्थक ठरते. त्यात वाबिगून नदीतील माशांमधील पारा १९७० च्या सुमारास या मर्यादेच्या अनेकपट होता.

शोध व बंदी

कॅनडातील गोड्या पाण्याच्या माशांतील पाऱ्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय नॉर्व्हल्ड फिमराइट या नॉर्वेजियन संशोधकाकडे जाते. ते वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी होते. दक्षिण ऑन्टारियोतील सेंट क्लेअर सरोवराच्या माशांत पारा मर्यादेच्या कितीतरी पट असल्याचे त्यांनी १९७० मध्ये सरकारला कळवले. त्यानंतर प्रांतभर तपासणी झाली आणि त्याच वर्षी वाबिगून-इंग्लिश नदीप्रणालीतील व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली.

पर्यटकांच्या हौशी मासेमारीवर मात्र बंदी घातली गेली नाही. मासे गंमत म्हणून पकडावेत, खाऊ नयेत, अशा अर्थाचे फलक नदीकाठी लावण्यात आले. पर्यटनावर गदा येऊ नये हा त्यामागील विचार होता. परिणामी परस्परविरोधी संदेश गेला: ज्या नदीतून मासा विकण्यास आदिवासींना मनाई झाली, त्याच नदीत बाहेरून आलेले पाहुणे गळ टाकून बसलेले दिसत. असा मासा खरोखरच विषारी आहे यावर वयस्कर मंडळींचा विश्वास बसला नाही, यात नवल नाही.

उपजीविकेचा प्रश्न

ग्रासी नॅरोजचे पुरुष त्या काळी दोन प्रकारे रोख पैसा मिळवीत: व्यापारी मासेमारी आणि पर्यटकांना मासेमारीस नेणाऱ्या वाटाड्याचे काम. बॉल सरोवरावरील बॉल लेक लॉज हे पर्यटक निवास तेथील अनेकांना काम देत असे. स्त्रियांनाही तेथे रोजगार होता. १९७० मध्ये मालकाने ते बंद केले. एकाच वर्षात दोन्ही धंदे संपले व वस्तीतील बहुसंख्य कुटुंबे सरकारी अनुदानावर आली.

वाटाडे हाच सर्वाधिक पारा शरीरात गेलेला वर्ग होता. दुपारी किनाऱ्यावर चूल पेटवून नुकताच पकडलेला मासा पाहुण्यांना तळून देणे व त्यांच्यासमवेत स्वतःही खाणे, हा त्यांच्या कामाचाच भाग होता. उन्हाळाभर हा क्रम रोज चाले. पाहुणा आठवड्याने घरी परत जाई, वाटाड्या मात्र तेथेच राही. घरीही रात्री मासाच असे.

‘मासे खाऊ नका’ हा सल्ला अंमलात आणणे का कठीण होते, हे यावरून कळते. दुर्गम वस्तीतील दुकानात ताजे मांस व भाजीपाला महाग असतो. मासा सोडल्यास त्याची जागा डबाबंद, पिठूळ व गोड पदार्थ घेतात, आणि त्यांच्यामागोमाग मधुमेह येतो. मासा खावा तर पारा आणि सोडावा तर मधुमेह, असा हा पेच होता. शिवाय मुलांना जाळे टाकण्यास, मासा सोलण्यास व धुरावण्यास शिकवणे हे भाषा आणि नातेसंबंध पुढे देण्याचे साधन होते. तेही खंडित झाले.

आजार आणि त्यावरील वाद

मिथिल पारा रक्तातून मेंदूत प्रवेश करतो. हातपाय व ओठांभोवतीचा भाग बधिर होणे, दृष्टिक्षेत्र आकुंचित होऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसणे, चालताना तोल जाणे, हात थरथरणे, उच्चार अस्पष्ट होणे आणि श्रवणशक्ती क्षीण होणे ही त्याची लक्षणे होत. तो वारेतून गर्भातही जातो व गर्भाच्या वाढत्या मेंदूस प्रौढांच्या मेंदूपेक्षा अधिक इजा करतो. आईला फारशी लक्षणे नसतानाही मूल बाधित जन्मू शकते. शरीरातील मिथिल पाऱ्याचे प्रमाण साधारणतः पन्नास ते सत्तर दिवसांत निम्मे होते, परंतु मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात व वाढताना रक्तातील पारा त्यांत अडकतो; म्हणून लांब केसांच्या एका बटेवरून मागील कित्येक महिन्यांची नोंद वाचता येते.

जपानमधील मिनामाता येथे, चिसो कंपनीच्या कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथिल पाऱ्यामुळे झालेला आजार मे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला होता. त्यावर आयुष्य वेचलेले कुमामोतो विद्यापीठाचे डॉक्टर मासाझुमी हारादा १९७५ मध्ये ग्रासी नॅरोज व व्हाइटडॉग येथे आले. त्यांनी रहिवाशांची तपासणी केली आणि मिनामाता आजाराशी जुळणारी लक्षणे अनेकांत आढळल्याचे नोंदवले. त्याच वर्षी या वस्त्यांतील एक शिष्टमंडळ मिनामातास जाऊन तेथील रुग्णांना भेटले. हारादा पुढेही, २००२ नंतर अनेकदा, पुन्हा आले व जुन्या रुग्णांची फेरतपासणी केली. त्यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

कॅनडातील अधिकारी व काही वैद्यकतज्ज्ञ यांनी मात्र हा निष्कर्ष सरळ स्वीकारला नाही. बधिरता मधुमेहानेही येते, तोल मद्यानेही जातो, कंप वयानेही येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकेका लक्षणापुरता तो खोटा नाही. पण एकाच नदीकाठच्या, एकच मासा खाणाऱ्या लोकांत ही सर्व लक्षणे एकत्र दिसतात, याचे उत्तर त्या युक्तिवादात नव्हते. शिवाय जपानमधील निदानाचे निकष तीव्र विषबाधेवरून घडलेले होते. ऑन्टारियोतील विषबाधा कमी मात्रेची परंतु दीर्घकाळ चाललेली होती. आपण आजारी आहोत आणि तेही पाऱ्यामुळेच, हे सिद्ध करण्याचा भार अशा रीतीने रुग्णावर पडला.

तडजोड व भरपाई

दीर्घ वाटाघाटींनंतर १९८५ मध्ये संघराज्य सरकार, ऑन्टारियो सरकार आणि दोन कंपन्या यांनी मिळून दोन्ही समाजांना सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. १९८६ मध्ये ‘पारा अपंगत्व मंडळ’ स्थापन झाले. पाराविषबाधेशी सुसंगत लक्षणे दाखवणाऱ्या अर्जदारास लक्षणांच्या गुणांनुसार दरमहा २५० ते ८०० डॉलर मिळत. अर्ज मोठ्या संख्येने नामंजूर झाले. ही रक्कम महागाईशी जोडलेली नसल्याने तीन दशके जवळजवळ तशीच राहिली. २०१८ च्या सुमारास ऑन्टारियो सरकारने ती महागाईनुसार वाढवली. ग्रासी नॅरोजचे माजी प्रमुख स्टीव्ह फोबिस्टर यांनी २०१४ मध्ये टोरोंटोत प्रांतिक विधानभवनासमोर उपोषण केले, त्यामागे भरपाईतील हाच अन्याय होता.

तडजोडीसमवेत प्रांताने कंपन्यांना भावी दाव्यांपासून संरक्षणाची हमीही दिली होती. कारखान्याच्या परिसरातील टाकाऊ पदार्थांच्या जागेची देखरेख कोणी करायची, हा प्रश्न त्या हमीमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, ही हमी या देखरेखीच्या आदेशास लागू होत नाही. खर्च संबंधित कंपन्यांनीच करावयाचा आहे.

नदीची सफाई

१९८० च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी दूषित गाळावर स्वच्छ चिकणमातीचा थर बसवण्यासारखे उपाय सुचवले होते. ते अंमलात आले नाहीत. नदी कालांतराने स्वतःच शुद्ध होईल, या भरवशावर प्रश्न सोडून देण्यात आला. प्रारंभीच्या वर्षांत माशांतील पारा झपाट्याने घटलाही, पण पुढे घट मंदावली. क्ले सरोवराच्या गाळात पारा अद्याप आहे. जॉन रड यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नदी स्वच्छ करणे शक्य असल्याचे मत दिले. त्याच वर्षी कागद कारखान्यातील एका माजी कामगाराने, १९७२ मध्ये मीठ व पारा भरलेली सुमारे पन्नास पिंपे आपण खड्ड्यात पुरल्याचे जाहीर केले आणि चौकशीची मागणी जोर धरू लागली. २०१७ मध्ये प्रांताने सफाईसाठी ८.५ कोटी डॉलरचा निधी कायद्याने राखून ठेवला. त्यानंतरची वर्षे प्रामुख्याने मोजणी व नियोजनात गेली.

जंगलतोडीचा प्रश्नही यास जोडलेला आहे. सरसकट झाडे तोडल्यावर जमिनीतील सेंद्रिय पदार्थ व त्यांसोबत पारा पाण्यात उतरतो. ग्रासी नॅरोजच्या तरुणांनी डिसेंबर २००२ मध्ये लाकूडवाहतुकीचा रस्ता अडवला. हा अडथळा कॅनडातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या आंदोलनांपैकी एक मानला जातो. तिसऱ्या कराराच्या प्रदेशातील जमीन तोडीसाठी घेण्याचा अधिकार प्रांतास आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

अलीकडील संशोधन

सरकारी यंत्रणेने १९७० ते १९९७ या काळात रहिवाशांच्या केसांतील व रक्तातील पारा मोजला होता. या जुन्या नोंदींचा आधार घेऊन डोना मर्गलर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ पारा शरीरात गेलेल्यांत साठीपूर्वी मृत्यू येण्याचा संबंध त्यात दिसून आला. याच गटाने २०२३ मध्ये तीन पिढ्यांचा अभ्यास मांडला. आजीआजोबांच्या व आईच्या शरीरातील पारा, आईचे मानसिक अस्वास्थ्य आणि नातवंडांमधील आत्महत्येचे प्रयत्न यांच्यात त्याने दुवा दाखवला. सरकारजवळ माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. ती नमुन्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे गोळा होत होती.

२०२४ मध्ये वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, ड्रायडनच्या कागद कारखान्यातून आजही सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातील सल्फेट व सेंद्रिय पदार्थ गाळातील जीवाणूंना पोषक ठरतात व मिथिल पाऱ्याची निर्मिती वाढवतात. या सांडपाण्यातून नवा पारा येत नाही. जुन्या पाऱ्याचेच विष होण्याचा वेग वाढतो.

पाराग्रस्तांच्या शुश्रूषेसाठी वस्तीतच केंद्र उभारण्याबाबत ग्रासी नॅरोज व संघराज्य सरकार यांच्यात एप्रिल २०२० मध्ये करार झाला. तोवर रुग्णांना उपचारांसाठी केनोरा किंवा विनिपेगपर्यंत जावे लागे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा मिनामाता आंतरराष्ट्रीय करार ऑगस्ट २०१७ पासून अंमलात असून कॅनडाने २०१७ मध्ये व भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. जून २०२४ मध्ये ग्रासी नॅरोजने ऑन्टारियो व कॅनडा या दोन्ही सरकारांविरुद्ध प्रांताच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८७३ च्या कराराने मिळालेला मासेमारीचा हक्क नदीतील मासा खाण्याजोगा न राखल्याने भंग पावला आहे, असे त्यात म्हटले आहे.